दुप्पट, पण कशाची?

टाइम ऑफिसात, पगार विभागात, ठेकेदारांच्या कचेऱ्यांत महिनाअखेर मस्टरवर मान मोडून बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे, असा प्रघात आहे. तो मोडण्याची परवानगी घेतो. मला आज एका भागाकाराबद्दल बोलायचे आहे. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, हे भोसरीतल्या नव्या हेल्परलाही ठाऊक असते. पण कशाची दुप्पट, त्या आकड्याला किती दिवसांनी आणि किती तासांनी भागायचे, आणि मुळात कोणते तास मोजायचे, हे त्याला ठाऊक नसते. ते आपल्याला ठाऊक असते. त्याचे पैसे जातात किंवा वाचतात ते इथेच.

या हिशेबाला आपल्याच मुंबईचा मोठा इतिहास आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या काय होत्या? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार. म्हणजे आपल्या मस्टरमधले रकानेच! रविवारची सुटी मिळायला १८९० उजाडले. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने पहिला करार केला तो कामाच्या तासांचाच. आठ तासांचा दिवस, अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आणि जादा तासांना किमान सव्वापट दर असे त्यात ठरले. ब्रिटिश हिंदुस्थानला मात्र साठ तासांच्या आठवड्याची वेगळी सवलत दिली गेली. १९२२ च्या कारखाने कायद्यात तीच सव्वापट आली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना १९४६ ची दुरुस्ती झाली आणि आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ ने दुप्पट दर पक्का केला.

सव्वापट जाऊन दुप्पट का आली, याचे उत्तर आपल्या पगारपत्रकातच सापडते. नवा माणूस घेतला की मालकाला पगाराखेरीज प्रॉव्हिडंट फंडाचे १२ टक्के, ईएसआयचे सव्वातीन टक्के, किमान ८.३३ टक्के बोनस, भरपगारी रजा आणि ग्रॅच्युइटी पाहावी लागते. हे सगळे मिळून सव्वापटीच्या वर सहज जाते. ओव्हरटाइम सव्वापट असेल, तर जुन्याच माणसाला चार तास थांबवणे स्वस्त पडते. दुप्पट असेल, तर नवा माणूस घेणे स्वस्त पडते. दुप्पट दर हा मालकाला घातलेला लगाम आहे. कामगाराच्या खिशात चार पैसे पडतात ही त्यातली दुय्यम गोष्ट, जरी घराचा हप्ता त्या चार पैशांवर चालत असला तरी.

आता हा लगाम सैल कसा होतो ते पाहू. पहिली जागा तासांची. कायद्याचा जुना नियम होता दिवसाला ९ तासांच्या वर किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर. यातला ‘किंवा’ आपण फार सहज विसरतो. एखाद्याने बुधवारी बारा तास काम केले आणि शनिवारी दांडी मारली. आठवड्याची बेरीज ४४ आली. सुपरवायझर सांगतो, ‘ॲडजस्ट करून टाका.’ आणि आपण टाकतो! वास्तविक बुधवारचे नवाच्या वरचे तीन तास त्याच दिवशी ओव्हरटाइम ठरले. शनिवारच्या गैरहजेरीचा पगार कापा, हवी तर रजा मांडा, पण ते तीन तास परत घेता येत नाहीत. नव्या कामगार संहितांतही दिवस आणि आठवडा असे दोन्ही निकष आहेत.

तिसऱ्या पाळीचे तर विचारूच नका. रात्री लागलेला कामगार सकाळी रिलीव्हर आला नाही म्हणून दुपारपर्यंत थांबतो. सॉफ्टवेअरचा दिवस मध्यरात्री बदलतो, त्यामुळे त्याचे तास दोन तारखांत वाटले जातात आणि मध्यरात्रीआधीचे तास ओव्हरटाइमच्या हिशेबातून गळतात. कलम ५७ ने हे १९४८ मध्येच ओळखले होते. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे आणि पुढचा दिवस पाळी संपल्यापासून मोजायचा. पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मसुदाकाराला जे सुचले, ते आजच्या महागड्या प्रणालीच्या सेटिंगमध्ये कोणी घालत नाही. तसाच प्रकार अर्ध्या तासाच्या राउंडिंगचा. रोज वीस मिनिटे खाली सोडली तर सव्वीस दिवसांत ५२० मिनिटे होतात, म्हणजे महिन्याला एक अख्खी पाळी फुकट. आणि गंमत म्हणजे सकाळी सात मिनिटे उशीर झाला, तर हेच यंत्र अर्धा तास कापते.

दुसरी जागा भाजकाची. एका हेल्परचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये धरू. २६ ने भागले तर दिवसाचे ६००, आठाने भागले तर तासाचे ७५, दुप्पट १५०. आता ३० ने भागा. दिवसाचे ५२०, तासाचे ६५, दुप्पट १३०. कागदावर दोन्ही ‘डबल’च. महिन्याला चाळीस तास ओव्हरटाइम केला तर फरक ८०० रुपयांचा. तीसचा भाजक कुठून येतो? महिन्याला तीस दिवस असतात, एवढाच युक्तिवाद. पण साप्ताहिक सुटीला कामगार काम करत नाही, त्याचा पगार कामाच्या दिवसांतच कमावलेला असतो. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने दिग्विजय वूलन मिल्सच्या १९८० मधल्या निकालात २६ हाच भाजक मान्य केला. मग त्याच माणसाची ग्रॅच्युइटी काढताना २६ आणि ओव्हरटाइम काढताना ३०, हे एकाच कचेरीत एकाच टेबलावर कसे चालते? त्यात काही ठिकाणी आठाऐवजी साडेआठाने भागतात, जेवणाची सुटी धरून! ज्या अर्ध्या तासाचा पगार देत नाही, तोच भाजकात घालून दर पाडायचा. याला हिशेब म्हणत नाहीत.

तिसरी जागा सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिथे मला थोडे रेंगाळायचे आहे. ती म्हणजे दुप्पट कशाची.

कलम ५९ मध्ये ‘नेहमीच्या दराची’ व्याख्या होती. मूळ वेतन आणि कामगाराला मिळणारे भत्ते त्यात येत. सवलतीच्या धान्यामुळे होणारा फायदासुद्धा रोखीत धरायचा होता. वगळायचा होता तो फक्त बोनस आणि खुद्द ओव्हरटाइम. १९४८ मध्ये रेशनच्या धान्याचा फायदाही ज्याने मोजायला सांगितला, त्याला घरभाडे वगळायचे होते असे मानणे अवघड आहे. तरी वर्षानुवर्षे घरभाडे वगळले गेले, वाहनभत्ता वगळला गेला. संरक्षण खात्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना तर त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेने वेतनाची नवी व्याख्या केली. मूळ पगार, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता आत, तर घरभाडे, वाहनभत्ता, मालकाचा फंडातला हिस्सा, कमिशन वगैरे बाहेर. बाहेरच्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग वेतनात परत धरायचा. या तरतुदीचे स्वागत झाले आणि फंड, ग्रॅच्युइटी यांच्या बाबतीत ते योग्यही होते, कारण मूळ पगार चार आण्यांचा आणि भत्ते बारा आण्यांचे ठेवण्याची चलाखी तिने रोखली. पण ओव्हरटाइमच्या बाबतीत जरा पेन्सिल घेऊन बसा.

एका कुशल ऑपरेटरला महिन्याला एकूण ४१,६०० रुपये मिळतात. २०८ तासांनी भागले तर त्याचा नेहमीचा तास २०० रुपयांचा. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता १६,०००, बाकी वगळण्याजोगे भत्ते. निम्म्याच्या नियमाने वेतन धरायचे २०,८००. तासाचा दर १००. त्याची दुप्पट २००. म्हणजे जादा तासाला त्याला मिळतात तेवढेच पैसे, जेवढे पहिल्या आठ तासांत दर तासाला पडतात. कायदा म्हणतो दुप्पट, आणि भागाकार सांगतो एकपट. मूळ पगार निम्म्यावर आणून ठेवला की हे आपोआप घडते. दुसऱ्या कारखान्यात तेवढ्याच ४१,६०० मध्ये मूळ पगार आणि महागाई मिळून ३१,२०० असतील, तर तिथे संहितेप्रमाणे ३०० पडतील. जुन्या व्याख्येने सगळे भत्ते धरून ४०० पडायचे. ज्याने पगार प्रामाणिकपणे बांधला, त्याला लगाम अजून लागतो. ज्याने तो तोडूनमोडून बांधला, त्याला लागत नाही.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतले दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत आणि तिमाहीच्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांपर्यंत वाढवायला मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे. संमतीच्या कागदावर सही कशी होते, हे या सभागृहाला मी सांगायला नको. तास वाढले आणि तासाचा भाव उतरला, तर नवी भरती कोण करील? नोकरभरतीवर भाषणे देणाऱ्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा.

न्यायालयाने हा मुद्दा फार स्पष्ट पाहिला आहे. करोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने अधिसूचना काढून बारा तासांचा दिवस आणि बहात्तर तासांचा आठवडा चालू केला, आणि जादा तासांना दुपटीऐवजी नेहमीच्याच दराने पैसे द्यायचे ठरवले. गुजरात मजदूर सभेने दाद मागितली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि झालेल्या कामाचे पैसे कलम ५९ प्रमाणे द्यायला लावले. निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांचा. महामारीतही जी एकपट न्यायालयाला चालली नाही, ती पगाराच्या रचनेतून शांतपणे आत येत असेल, तर निदान आपल्याला ती दिसली पाहिजे.

हे सगळे कायम कामगारांचे झाले. कंत्राटी कामगाराची गोष्ट एका वाक्याची आहे. त्याच्या सोळा तासांना ‘दोन हजेऱ्या’ म्हणतात. दिवसाचे ६०० असतील तर त्याला १,२०० मिळतात. जुन्या कायद्याच्या ९ तासांच्या हिशेबानेही १,७२५ निघतात. सोळा तास राबवणेच बेकायदा, हा मुद्दा आणखी वेगळा. ठेकेदाराने बुडवले तर मूळ मालकाने द्यायचे, हे १९७० पासून कायद्यात आहे. म्हणून ‘ते ठेकेदाराचे बघणे’ हे उत्तर आपल्यापैकी कोणी देऊ नये. पीसरेटवाल्यांचेही तसेच. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, आणि मीटरवर मिळते, पाळ्या बारा तासांच्या, आणि पीसरेट आहे म्हणून ओव्हरटाइम नाही असा सार्वत्रिक समज. कायदा तसे म्हणत नव्हता. आधीच्या महिन्यात पूर्ण वेळ भरलेल्या दिवसांची रोजची सरासरी कमाई काढायची आणि तिला वेळेचा दर मानून दुप्पट करायची, असे कलम ५९ मध्ये स्पष्ट होते. ही सरासरी काढलेली वही फार थोड्या ठिकाणी सापडेल.

एक किरकोळ पण रोजचा घोळ जाता जाता सांगतो. ओव्हरटाइमवर फंड कापायचा नसतो. ईएसआयची वर्गणी मात्र जुन्या कायद्यात कापायची असे. आणि २१,००० ची मर्यादा पाहताना तोच ओव्हरटाइम धरायचा नसतो. दिवाळीआधीच्या महिन्यात ओव्हरटाइममुळे पगार फुगला म्हणून कोणाचे ईएसआय कार्ड बंद पाडू नका.

आणि आपले स्वतःचे काय? सात तारखेच्या आत पगार लागावा म्हणून आपण रात्री अकरापर्यंत दुसऱ्यांचा ओव्हरटाइम मोजत बसतो, आणि आपल्या हुद्द्यापुढे ‘एक्झिक्युटिव्ह’ लागल्यामुळे आपल्याला एक कॉम्प ऑफ मिळाला तरी नशीब. हुद्दा काय लिहिला याला महत्त्व नाही, माणूस मुख्यतः कोणते काम करतो ते पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये, मुंबईच्याच एका कंपनीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. या मुद्द्यावर टाळ्या पडणार, हे मला माहीत होते.

आता मागणे मांडतो. सरकारकडे एकच. ओव्हरटाइमपुरती वेतनाची व्याख्या वेगळी करा, आणि नियमित मिळणारा प्रत्येक भत्ता तिच्यात धरा. ते होईल तेव्हा होईल. तुमच्याकडे मात्र आजच्यासाठी मागणे आहे. पगारचिठ्ठी देणे संहितेने मालकावर बंधनकारक केले आहे. बहुतेक चिठ्ठ्यांवर ओव्हरटाइमसमोर नुसती रक्कम छापलेली असते. पुढच्या महिन्यापासून तिथे तास छापा, कोणती रक्कम धरली ती छापा, भाजक छापा आणि दर छापा. सॉफ्टवेअरवाल्याला सांगितले तर एका दिवसाचे काम आहे. व्यवस्थापन विचारील, कशाला? तेव्हा ज्या आकड्याखाली तुमची सही आहे, तो कसा आला हे दाखवायला तुम्हाला अडचण नाही, एवढेच सांगा. आणि अडचण असेल, तर आधी तो आकडा दुरुस्त करा.