बांधावरून थेट पिशवीत

आठवडी बाजारात मेथीच्या पानांना भोकं दिसली, तर लगेच नाक मुरडू नका. भोकं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे म्हणा, पण ती जुडी रासायनिक फवारणीशिवाय, जीवामृतावर वाढलेली असू शकते. जीवामृत म्हणजे 200 लिटर पाण्यात 10 किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस आंबवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. एवढं एकराला पुरतं. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी ही पद्धत गावोगावी नेली. 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि अशी भाजी पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला ती शहरात थेट विकणं सोपं झालं. तेव्हा घासाघीस करण्याआधी फवारणी कशाची केली, ते विचारा. पिकवणारा स्वतः बसला असेल, तर लगेच सांगेल.