एडनचा पाहुणा



व्यासपीठावर चढलो की माझ्या तोंडी बोनस आणि महागाईभत्ता हेच यायचे. आज मात्र विषय कुंडीतला आहे, अडेनियमचा. बाजारात ह्याला वाळवंटी गुलाब म्हणतात. पण गुलाबाशी ह्याचे नाते नाही. हा आपल्या कण्हेरीचा आणि चाफ्याचा भाऊबंद. ह्याचा चीक विषारी आहे, आफ्रिकेत तो बाणांना लावीत असत. तेव्हा छाटणी केल्यावर हात धुवावेत. नाव पडले ते एडनवरून. हे बंदर इंग्रजांनी 1839 साली घेतले आणि 1932 पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. म्हणजे आपल्या माझगावला हा पाहुणा अगदीच परका नव्हे.

बुंध्याशी जो फुगीर गड्डा दिसतो, ती ह्याची पाण्याची कोठी. कोठी भरलेली असताना वरून पाणी ओतणे म्हणजे घात. हे मी पुस्तकात वाचले होते, तरीही चुकलो.

गोदीतले एक वडीलधारे सोबती निवृत्त होऊन कोकणात गेले. जाताना बारा वर्षे वाढवलेले झाड त्यांनी माझ्या हवाली केले. आषाढात चाळीच्या पागोळ्या थेट कुंडीत पडत होत्या. पाने पिवळी पडली. मला वाटले, तहानले असेल, म्हणून आणखी तांब्याभर घातले! गड्डा दाबून पाहिला तेव्हा बोट आत गेले. वेळीच कळते तर कुजका भाग पांढऱ्या, घट्ट गरापर्यंत कापून, सावलीत आठवडाभर सुकवून, झाड कोरड्या रेतीत लावता आले असते. मला उशीर झाला होता. एक फांदी तेवढी जगली; पण फांदीच्या झाडाला बियाच्या झाडासारखा गड्डा सहसा धरत नाही.

आता मी बियांपासूनच रोपे करतो. जाड रेती, विटांचा चुरा, थोडे जुने शेणखत. निदान पाच तास ऊन. माती वाळल्याशिवाय पाणी नाही, थंडीत त्याहून कमी, आणि पावसाळ्यात कुंडी आडोशाला. कुंडी बदलताना गड्डा बोटभर वर उचलून लावावा. शेंग पिकत आली की दोऱ्याने बांधावी. नाहीतर ती उकलते आणि बी उडून जाते.

सोबती दर दिवाळीला फोनवर झाडाची चौकशी करीत, आणि मी “ठीक आहे” म्हणत असे. तीन वर्षांनी खरे सांगितले. ते म्हणाले, “अरे, माझी पहिली दोन अशीच गेली. तुला सांगायचे राहून गेले.”

ताज्या बियांच्या पुड्या आणल्या आहेत. सभा संपल्यावर न्याव्यात.