अभ्यासात मागे पडणारे मूल : निदान, दाखला आणि शिक्षणाचा हक्क



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराची यादी प्रत्येक समाजसंस्था दरवर्षी मोठ्या कौतुकाने तयार करते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांचे नाव या यादीत कधीच येत नाही, किंबहुना ज्यांना अशा समारंभास आणण्याचेही घरचे लोक टाळतात, अशी काही मुले प्रत्येक समाजात असतात. आजचे विवेचन त्यांच्याविषयी आहे.

असे मूल बहुधा दुसरी-तिसरीत लक्षात येते. तोंडी विचारले तर उत्तर चटकन देते, गोष्ट रंगवून सांगते, मोबाईलमधील बिघाड सहज ओळखते. मात्र वही उघडताच त्याचा चेहरा उतरतो. ‘द’ आणि ‘ढ’ मध्ये गोंधळ होतो, फळ्यावरचे उतरवताना ओळी गळतात, जोडाक्षर आले की वाचन अडते. शिक्षक ‘लक्ष देत नाही’ असा शेरा देतात, घरी ‘आळशी’ म्हणून बोलणी बसतात आणि एकामागून एक शिकवण्या लावल्या जातात. वाचनातील या अडचणीस डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीस डिस्ग्राफिया व गणितातील अडचणीस डिस्कॅल्क्युलिया म्हणतात आणि तिन्ही मिळून त्यांस विशिष्ट अध्ययन अक्षमता असे नाव आहे. अशा मुलाची बुद्धी सर्वसाधारण, कधी त्याहूनही वरची असते. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता ही निराळी स्थिती होय. हा भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे, कारण कोणत्या मुलास कोणती सेवा मिळावी हे त्यावरच ठरते.

व्यापारी कुटुंबांत या प्रश्नास एक ठरलेले उत्तर असते : “शिकून कुठे नोकरी करायची आहे? दुकान आहेच, गल्ल्यावर बसेल.” एके काळी हे निभावून जात असे. हाताने पोत ओळखणारा आणि गिऱ्हाईक जोडणारा मुलगा चार बुके न वाचताही पेढी सांभाळी. परंतु १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि दुकानाचे स्वरूपच पालटले. विवरणपत्रे, ई-वे बिले, बँकेचे संदेश हे सारे वाचता आले नाही तर मालक आपल्याच दुकानात परावलंबी होतो. ज्याला आकडेच उलटसुलट दिसतात त्याला गल्ल्यावर बसविणे म्हणजे त्याची रोज परीक्षा घेणे होय. शिवाय हे उत्तर मुलींना लागूच पडत नाही. मुलीच्या बाबतीत ‘पुढे लग्नात अडचण येईल’ म्हणून तपासणीच होत नाही आणि ती ‘साधी आहे’ एवढ्या एका शब्दावर तिचे शिक्षण आटोपते.

दुसरे एक उत्तर धार्मिक शब्दांत दिले जाते : ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, त्याला इलाज काय? हे म्हणणाऱ्यांनी श्वेतांबर परंपरेत माषतुष मुनी व दिगंबर परंपरेत शिवभूती मुनी म्हणून ज्यांची कथा सांगतात ती आठवावी. या मुनींच्या ठायी पाठांतराची शक्ती नव्हती. गुरूंनी त्यांना संघाबाहेर काढले नाही. सारे श्रुत बाजूला ठेवून त्यांना झेपेल एवढेच लहानसे पद दिले. तेही त्यांच्या मुखी चुकीचे बसले, पण त्यातूनच ते केवलज्ञानापर्यंत पोहोचले. शिष्याच्या मापाचा पाठ देणे यालाच आजच्या भाषेत विशेष शिक्षण म्हणतात. कर्मसिद्धांताने पुरुषार्थ नाकारलेला नाही.

आता कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते. नव्या कायद्याने ते एकवीस केले आणि अध्ययन अक्षमतेस प्रथमच त्यात स्थान मिळाले. मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यानुरूप अध्यापन करणे ही शैक्षणिक संस्थांची जबाबदारी असल्याचे त्याच्या सोळाव्या कलमात नमूद आहे. चाळीस टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत नजीकच्या शाळेत, किंवा इच्छेनुसार विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परंतु हा हक्क कोणी घरपोच आणून देत नाही. तो मागावा लागतो, तोही लेखी.

प्रारंभ नेत्र व कर्णतपासणीने व्हावा. अनेकदा चष्म्यावरच प्रश्न मिटतो. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक मिळून बुद्ध्यांकाची आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी घेतात. मुंबईत महापालिकेच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालयाकडे जावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी होते व पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली आहेत. अध्ययन अक्षमतेचा दाखला साधारणतः आठ वर्षे वयाच्या सुमारास मिळू लागतो. त्याआधी अक्षरओळख घट्ट झालेली नसल्याने निदान निश्चित करता येत नाही. म्हणून तोवर स्वस्थ बसावे असे मात्र नाही. बोलणे उशिरा येणे, नजरेला नजर न देणे, हाक मारूनही वळून न पाहणे या लक्षणांची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच व्हावयास हवी.

चाचणी कोणत्या भाषेत होते, ही बाब फारशी कोणी विचारात घेत नाही. पुष्कळ घरांत मारवाडी किंवा गुजराती बोलतात, शेजारी मराठी असते आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असते. ज्या भाषेत मूल घरी एक शब्दही ऐकत नाही त्या भाषेतील चाचणीवरून त्यास अक्षम ठरविणे अन्यायाचे आहे. तसेच ‘इंग्रजी कच्चे आहे’ असे समजून खरी अक्षमता दृष्टीआड करणे हेही तितकेच घातक. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या चार भाषांत डिस्लेक्सियाची चाचणी-साधने उपलब्ध करून दिली आहेत. घरी कोणती भाषा बोलतात, हे पालकांनी तज्ज्ञांस आपणहून सांगावे.

दाखल्यासाठी केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. त्यातूनच देशभर चालणारे दिव्यांग ओळखपत्र मिळते. येथेच बहुतेक कुटुंबे थबकतात. नावापुढे ‘दिव्यांग’ शब्द लागेल, धाकट्या भावंडांच्या सोयरिकी अडतील, ही भीती बोलून दाखविली जात नाही इतकेच. वस्तुतः मोठ्या दाखल्याची गरज लागो वा न लागो, शाळेने मदत करण्याचे कर्तव्य चाळीस टक्क्यांच्या अटीशी बांधलेले नाही. दाखला वर्गाच्या भिंतीवर लावायचा नसतो. तो घरच्या कपाटात राहतो.

अहवाल हाती आल्यावर मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी व मुलासाठी वैयक्तिक अध्यापन आराखडा मागावा. शासकीय व अनुदानित शाळांसाठी समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक असतात; त्यांची चौकशी गट साधन केंद्रात करता येते. प्राथमिक स्तरावर दर दहा व वरील स्तरावर दर पंधरा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मधील निकालात ठरवून दिले. प्रत्यक्षात शिक्षकांची उणीव मोठी आहे, हेही मान्य केले पाहिजे. नुसती शिकवणी मात्र विशेष शिक्षणाचे काम करू शकत नाही. शिकवणीत तोच धडा पुन्हा सांगतात. विशेष शिक्षक तो धडा फोडून, अक्षर हाताने गिरवून, कानाने ऐकवून, निराळ्या वाटेने आत नेतो. त्यास महिने लागतात.

परीक्षेतील सवलती महाराष्ट्र शासनाने १९९६ पासूनच मान्य केलेल्या आहेत. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष या त्यांपैकी काही. याविषयी विस्ताराची गरज नाही, कारण या भागाची माहिती समाजास भरपूर आहे. दहावीच्या वर्षी दाखल्यासाठी धावपळ करणारे पालक पुष्कळ भेटतात. तिसरीत येणारे विरळा. गुणांची सवलत तेव्हाही मिळते, पण मधल्या सात वर्षांत ‘मी मठ्ठ आहे’ हे त्या मुलाने मनाशी पक्के केलेले असते. ते पुसणारी सवलत कोणत्याही मंडळाकडे नाही.

हिशोबाचीही बाजू पाहावी. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपये व तीव्र दिव्यांगत्वात १,२५,००० रुपये वजावट मिळते. ज्या समाजात घरोघरी करसल्लागार आहेत तेथे ही वजावट लज्जेपोटी सोडून दिली जावी, हे नवलच.

समाजाच्या न्यासांची शिष्यवृत्ती टक्केवारीवर ठरते, त्यामुळे या मुलांच्या वाट्यास ती येत नाही. त्याच निधीतून एक पूर्णवेळ विशेष शिक्षक नेमता येईल. समाजाच्या सभागृहात तो रोज दुपारी दोन-तीन तास बसेल आणि कोणत्याही जातिधर्माचे मूल तेथे येऊ शकेल. चाचणीसाठी जिल्ह्याच्या वा मुंबईच्या खेपा घालणाऱ्या कुटुंबास प्रवासखर्च द्यावा. अर्ज भरण्यास युवक मंडळाने साहाय्य करावे आणि त्या अर्जातील नाव मंडळाच्या चार भिंतींबाहेर जाणार नाही, असा लेखी नियम आधीच करून ठेवावा. हा नियम होईतो पहिले कुटुंब पुढे येणार नाही.