फलाहार आणि देहशुद्धी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



संस्थेच्या या मंगल प्रसंगी एका वैद्यकीय व्यावसायिकाला आपण बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. ‘आठवडाभर केवळ फळे व त्यांचे रस घ्या, शरीरातील सारे विष निघून जाईल,’ असा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. आपल्यापैकी काही जण त्याला तपाचेच रूप मानतात. म्हणून प्रथम एक भेद स्पष्ट करतो. आपल्या उपवासात फळांनाही स्थान नाही. घ्यायचे ते केवळ उकळलेले पाणी, आणि हेतू कर्मनिर्जरेचा. फलाहाराचा हेतू आरोग्याचा आहे. तेव्हा त्याची परीक्षा शरीरशास्त्राच्या कसोटीवरच व्हावयास हवी.

फळांचे गुण निर्विवाद आहेत. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. फळांतील चोथा मलावरोध दूर करतो, त्यांतील पोटॅशियम रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साहाय्य करते. शिवाय फलाहाराच्या दिवशी तळलेले व खारट पदार्थ आपोआप सुटतात. निरोगी माणसाने एखादा दिवस असा हलका घालवला तर त्यात हितच आहे.

परंतु ‘शुद्धी’ हा दावा मात्र टिकत नाही. निरोगी मूत्रपिंडे रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. यकृतही अहोरात्र हेच काम करीत असते. फळांमुळे हे काम अधिक वेगाने होते, असा भक्कम पुरावा नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत उतरणारे वजन बहुतांशी पाण्याचे असते.

धोकेही लक्षात घ्यावेत. 60 किलो वजनाच्या प्रौढाला रोज सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात. 100 ग्रॅम केळ्यातून जेमतेम एक ग्रॅम मिळते. ब-12 जीवनसत्त्व फळांत नसतेच. रस गाळला की चोथा जातो आणि साखर उरते. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याची साखर रसाने एकदम चढते, तर नेहमीचे जेवण वगळल्याने धोकादायकपणे उतरूही शकते.

येथे एक कबुली देतो. माझ्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी सलग पाच दिवस केवळ नारळपाणी व मोसंबीचा रस घेतला. मधुमेह जुना होता, मूत्रपिंडे दुर्बल झाली होती. पाचव्या दिवशी त्यांचे हातपाय गळाले, नाडी मंदावली. रक्तातील पोटॅशियम प्राणघातक पातळीवर पोहोचले होते. वेळेवर डायलिसिस झाले म्हणून ते वाचले. त्यांच्या या प्रयोगाचे मी पहिल्या दिवशी कौतुक केले होते. रक्ततपासणीचा कागद मात्र मागितला नव्हता. ती खंत आजही मनात आहे.

महात्मा गांधींचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. दक्षिण आफ्रिकेत 1912 साली त्यांनी दूध सोडले आणि पुढे काही वर्षे फळे व शेंगदाण्यासारख्या पदार्थांवर ते राहिले. 1918 साली खेडा जिल्ह्यात आमांशाने ते मृत्यूच्या दारी पोहोचले. शरीर भरून येईना, तेव्हा अखेर त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. आपण व्रताचा शब्द राखला, आत्मा नव्हे, ही वेदना त्यांनी आत्मचरित्रात नमूद केली आहे. निसर्गोपचारावरील त्यांची श्रद्धा ढळली नाही. 1946 साली उरुळीकांचनचा आश्रम त्यांच्याच प्रेरणेने उभा राहिला. परंतु स्वतःच्या प्रयोगाची मर्यादा त्यांनी लपविली नाही. हा सत्यनिष्ठेचा धडा आहे.

म्हणून माझी विनंती अशी : मधुमेही, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे रुग्ण, गर्भवती, स्तनदा माता, बालके व अतिवृद्ध यांनी असा प्रयोग डॉक्टरांच्या संमतीविना करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कमरख हे पाचधारी फळ तर पूर्णतः वर्ज्य मानावे. इतरांनी रसाऐवजी सबंध फळ खावे, आणि तेही डाळ, भाकरी, भाजीच्या सोबतीने. आपल्या परंपरेने उणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी, हे व्रत सांगितलेच आहे. ते बारा महिने पाळणाऱ्याला सात दिवसांच्या शुद्धीची गरज सहसा भासत नाही.

आणि घरात कोणी असा संकल्प सोडला, तर अनुमोदना करण्यापूर्वी त्यांच्या प्रकृतीची चौकशी अवश्य करा. तीही जीवदयाच आहे.

जय जिनेंद्र!