सावली मोजा, मग पॅनेल घ्या
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'तू कॉम्प्युटरवाली, एआयवर काहीतरी बोल,' असं मला सांगण्यात आलं होतं. मी म्हटलं, चिंचपोकळीला आमच्या चाळीच्या गच्चीवर मी दोन सोलर पॅनेल स्वतः बसवली, त्याबद्दल बोलते. त्या कामात इंजिनिअरिंगची पदवी थोडी उपयोगी पडली आणि आपल्या शाळेची सातवी जास्त.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आठवत असेल. माझं घरूनच काम चाललं होतं. पलीकडच्या खोलीत अप्पांचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडून शिटी वाजवायला लागलं. अप्पांची नोकरी गिरणीतल्या ब्लो-रूममधली. कापसाची तूस त्यांच्या छातीत बसली ती कायमची. घरात सिलिंडर होता म्हणून निभावलं. पण आई पंख्याने वारा घालतेय आणि मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसलेय, ते दोन तास मी विसरलेले नाही.

त्या रात्री हिशोब मांडला. यंत्राला साधारण 350 वॉट लागतात. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 1800 वॉट-अवर मावतात. पण बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची. म्हणजे कशीबशी दोन-सव्वादोन तासांची सोय. नुसता इन्व्हर्टरही चालला असता, हे कबूल करते. पण वीज दिवसभर आली नाही तर बॅटरी पुन्हा भरायची कशाने? म्हणून 165 वॉटची दोन पॅनेल.

खरी अडचण विजेची नव्हतीच. गच्ची सगळ्यांची. 'आमचे पापड-कुरडया कुठे वाळवायच्या?' हा पहिला प्रश्न, आणि तो रास्त होता. शेवटी पाण्याच्या टाकीशेजारचा कोपरा मिळाला, कारण तो कुणालाच नको होता. मी खुशीत पॅनेल उभी केली. दुपारी तीननंतर बघते तर वीज निम्म्याहून खाली! तारा तपासल्या, जोड तपासले, दोन रविवार लॅपटॉप घेऊन आकडे नोंदवत बसले.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत, गिरणीतले जुने वायरमन. ते वर आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाय, वायर नको बघू. टाकी बघ." टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर आली होती. एवढीशी सावली, पण पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक सावलीत गेला की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचाच प्रवाह अडतो. हे मला पुस्तकात ठाऊक होतं, गच्चीवर सुचलं नाही.

मग आठवली सातवीतली भूगोलाची बाईंची काठी. पटांगणात काठी रोवून दर तासाला सावलीच्या टोकाशी खूण करायला लावायच्या, आणि आम्ही उन्हातून पळ काढायचो. काकांनी आणि मी खडू घेऊन तेच केलं, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. जानेवारी होता ते बरं झालं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावल्या लांब पडतात. मेच्या मध्याला तो डोक्यावर येतो आणि दुपारी सावली पायाशी गोळा होते. तेव्हा मोजलं असतं तर फसलो असतो. दक्षिणेला गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिलाय, त्याचीही सावली गच्चीवर कुठवर येते ते खडूने दाखवलं.

त्या रेघा बघायला चाळीतल्या बायका वर आल्या. कुठे दिवसभर ऊन आहे ते स्पष्टच दिसत होतं. ज्या काकूंनी सर्वांत जास्त विरोध केला होता, त्याच म्हणाल्या, "चार फूट इकडे सरकव. पापडांचं आम्ही बघतो." पॅनेल सरकली, दक्षिणेकडे तोंड करून, साधारण 19 अंशांच्या उतारावर, कारण मुंबईचा अक्षांशही तेवढाच. जुन्या स्लॅबला भोकं पाडली नाहीत. स्टँडवर काँक्रीटचे ठोकळे ठेवून तो कठड्याला आवळला. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं तेव्हा रात्रभर डोळा लागला नाही, पण स्टँड हलला नाही.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी. ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये वीज असतेच, म्हणून जोडणी करताना वर जाड चादर टाका, डीसीचाच फ्यूज लावा आणि वीजजोडणीचं काम जाणकाराला दाखवल्याशिवाय चालू करू नका. दुसरं, बेस्टच्या लाइनला जोडायचं नेट मीटरिंग घरी करायचं काम नव्हे. त्याला परवानगी लागते. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान आहे, तेही नोंदणीकृत विक्रेत्याकडून बसवलं तरच. तिसरं, बॅटरीशिवायचं असं सोलर वीज गेली की स्वतःही बंद होतं, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्याला धक्का बसेल. आजारी माणसासाठी बसवणार असाल तर बॅटरी लागेलच.

अप्पा आता नाहीत. पण शेवटच्या दीड वर्षात वीज जितक्या वेळा गेली, तितक्या वेळा त्यांचं यंत्र चालू राहिलं. यंत्र आम्ही एका गरजू घरी दिलं. पॅनेलवर आता चाळीच्या जिन्याचे दिवे लागतात. बॅटरीत पाणी घालायचं काम वायरमन काकांनी स्वतःकडे घेतलंय.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. त्या दिवशी उन्हातून पळाल्याबद्दल माफी मागते. आणि बाकीच्यांनो, ज्यांना गच्चीवर पॅनेल लावायची आहेत त्यांनी चहाला मला भेटा. पैसे नंतर खर्च करा. आधी एक रविवार आणि एक खडू.