सायकल स्टँडसाठी दोन शब्द



‘अजूनही सायकलवर फिरणारा’ अशी माझी ओळख करून दिलीत. पुण्यात याचं नवल वाटावं, हेच खरं नवल! कैची, मग दांडी, मग सीट, अशा क्रमाने आपण मोठे झालो. आपण शाळेत असतानाच 1972 मध्ये लूना आली, मग स्कूटरी आल्या, आणि घरोघरच्या सायकली जिन्याखाली गेल्या. माझी राहिली, कारण सदाशिव पेठेतून मंडईत जायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही. तिने माझा मधुमेह मात्र बरा केलेला नाही, अफवांवर जाऊ नका.

आज आत आलो तर आपला पत्र्याचा स्टँड गायब, तिथे मोटारी. सायकल कडुलिंबाला साखळीने बांधून आलोय. आताची मुलं रिक्षात कोंबून येतात. पालक म्हणतात, रस्ते धोक्याचे. खरंय, बस खेटून गेली की माझ्याही पोटात गोळा येतो. पण शाळेतच सायकल लावायला जागा नसेल, तर चांगला रस्ता मागणार कोण? मेळाव्याच्या शिल्लक वर्गणीतून पन्नास सायकलींचा स्टँड उभारावा, अशी सूचना मांडतो. अनुमोदन कोण देतंय?