ढोराचं इंजेक्शन आणि गिधाड

आम्ही गडचांदूरहून, बचत गटांच्या वतीनं बोलतो आहोत. दर बैठकीत आपण हप्ता, व्याज, शेळीचं कर्ज यांवर बोलतो. आज गिधाडाबद्दल बोलू. हसू नका. गिधाडाचा आणि आपल्या गोठ्याचा संबंध फार जवळचा आहे.

गटातल्या वयस्क बाया सांगतात, पूर्वी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा आणि बघता बघता नुसती हाडं उरायची. आज तिथं कुत्री दिसतात, आणि वास दूरपर्यंत येतो.

मग गिधाडं गेली कुठं? १९९० नंतर राजस्थानात भरतपूरला डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की गिधाडं मान खाली टाकून बसतात आणि मरतात. पुढं पाकिस्तानातल्या पंजाबात शास्त्रज्ञांनी मेलेली गिधाडं तपासली. त्यांच्या काळजावर, मूत्रपिंडावर चुन्यासारखा पांढरा थर होता. मूत्रपिंड निकामी झालं होतं. २००४ साली कारण जाहीर झालं : डायक्लोफेनॅक. ढोराला सूज आली, अंग दुखलं की देतात ते औषध. इंजेक्शन दिल्यावर ढोर लवकर मेलं तर औषध मांसात राहतं. ते मांस गिधाडानं खाल्लं की काही दिवसांत ते मरतं.

शंभर मढ्यांत एकाहून कमी मढ्यात हे औषध असलं, तरी गिधाडं संपायला ते पुरे होतं. कारण एका मढ्यावर कितीतरी गिधाडं जेवतात, आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरलं.

अमेरिकेतही असंच घडलं होतं. तिथला पांढऱ्या डोक्याचा गरुड म्हणजे त्या देशाचं चिन्ह. शेतात आणि डासांवर फवारलेलं डीडीटी माशांत उतरलं, मासे खाऊन गरुडात गेलं, आणि अंड्यांची टरफलं इतकी पातळ झाली की ती फुटू लागली. १९७२ साली तिथं डीडीटीवर बंदी आली आणि गरुड पुन्हा वाढले. म्हणजे कारण सापडलं आणि लोकांनी ऐकलं, तर पाखरू परत येतं.

आपल्याकडं २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ साली त्याही बंद करून ३ मिलीची कुपी ठरवली. २०२३ साली जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक, आणि २०२४ च्या शेवटी निमेसुलाइडही बंद झालं.

कोणी म्हणेल, आमची गाय दुखण्यानं तडफडते आणि तुम्ही पाखराची काळजी सांगता? खरं आहे. गाय कर्जावर घेतलेली असते, तिच्या दुधावर हप्ता जातो. तिला तडफडत ठेवा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध आहे. ढोराचं दुखणं त्यानंही कमी होतं आणि गिधाडाला ते बाधत नाही. गायही वाचते, गिधाडही.

नुकसान माणसांचंही झालं आहे. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली हिशेब मांडला : गिधाडं गेल्यामुळं २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख माणसं जास्त दगावली. मढी सडतात, पाणी बिघडतं, भटकी कुत्री वाढतात, पिसाळलेलं कुत्रं चावायची भीती वाढते. ओढ्यावर पाणी भरायला आणि रानात सरपणाला कोण जातं, ते आपल्याला माहीत आहे.

गडचिरोलीत वनविभागानं गिधाडांसाठी उपाहारगृहं केली. आपल्या ताडोबात जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून पांढऱ्या पुठ्ठ्याची १० गिधाडं आणली आणि पाठीवर माग काढणारं यंत्र लावून पुढं सोडली. त्यातलं एक तर तामिळनाडूपर्यंत गेलं. एवढा फिरणारा पक्षी कोणत्या गावच्या मढ्यावर उतरेल, काय सांगावं? म्हणून एकटं ताडोबा सांभाळून भागत नाही.

तर बायांनो, चार गोष्टी करू. एक, इंजेक्शन देणाऱ्याला औषधाचं नाव विचारू आणि कुपी बघू. दोन, माणसाचं औषध ढोराला देऊ देणार नाही. तीन, दुखण्याचं इंजेक्शन घेतलेलं ढोर काही दिवसांत मेलं, तर उघड्यावर न टाकता खोल पुरू. चार, बिबट्याला किंवा कुत्र्याला मारायला कोणी मढ्यावर विष टाकत असेल, तर त्याला थांबवू.

येत्या बैठकीत हप्ता जमा झाला की गटातल्या पशुसखीला पाच मिनिटं द्या. तिनं ही पाच नावं वाचून दाखवावी : चार बंद, एक चालणारं. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी पाठ करावी.